हमालाची जागा आणि पुच्छभागाचं अध्यक्षपद



निवडणूक म्हटली की आमदार, खासदार, नगरसेवक, फार तर सरपंच. इथं आपली यादी संपते. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, लोकशाहीवर तासन्‌तास बोललो. पण आपल्याच तालुक्यात साध्या माणसाला उभं राहता येईल अशी आणखी किती पदं आहेत, हे आम्हाला निवृत्तीनंतर कळलं. आज त्यांतल्या दोन पदांबद्दल बोलू. एक बाजार समितीतलं, दुसरं कालव्यावरचं.

सुरुवात जरा मागून करू. महात्मा फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते निवडून आलेले नव्हते, सरकारनं नेमलेले होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त 1000 रुपये खर्चायची सूचना नगरपालिकेत आली, तेव्हा फुल्यांनी एकट्यानं विरोध केला. हा पैसा शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. नेमलेला माणूस एवढा ताठ राहिला, ही फुल्यांची थोरवी. पण कोणतीही संस्था थोर माणूस मिळेल या भरवशावर उभी करता येत नाही.

पुढं 18 मे 1882 ला लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. कारभार लगेच सुधारेल असा त्यांचा दावा नव्हता. लोकांना राजकीय शिक्षण मिळावं, हा मुख्य हेतू. 1884 मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि जिल्हा-तालुक्याच्या कारभारात निवडलेले सदस्य आले. मत मात्र कर भरणाऱ्याला, जमीनजुमला असणाऱ्याला. म्हणजे शाळा उघडली, पण प्रवेश ऐपतवाल्यांना! ही अट मोडायला पुढं कित्येक दशकं गेली.

आता बाजाराकडे येऊ. जुन्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरे. शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव ऐकू येत नसे. वर हमाली, तोलाई, अडत कापली जाई ती वेगळीच. हे आवरायला मुंबई इलाख्यात 1927 चा कापूस बाजाराचा आणि 1939 चा शेतमाल बाजाराचा कायदा आला. मग 1963 चा महाराष्ट्राचा कायदा. त्यातली समितीची रचना बघा. सहकारी सोसायट्यांकडून 11 जण, ग्रामपंचायत सदस्यांकडून 4, व्यापारी-अडत्यांचे 2, आणि हमाल-मापाड्यांचा 1.

हा एक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. तिथं उभं राहायला जमीन लागत नाही, पदवी लागत नाही; बाजार समितीचा हमालाचा किंवा मापाड्याचा परवाना लागतो. पाठीवर पोतं वाहणारा माणूस त्याच टेबलाशी बसतो, जिथं अडत्या बसतो. मतांच्या हिशेबात एकटा पडतो, हे खरं. पण काटा कुठं मारतात, हे त्या टेबलावर त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

दुसरं पद कालव्यावरचं. पाण्याचा एक साधा नियम आहे: वरचा आधी घेतो, खालचा वाट बघतो. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पाच्या कालव्यावर ओझरचे शेतकरी अगदी शेवटाला. त्यांच्यापर्यंत पाणी पोचेना. समाज परिवर्तन केंद्राच्या मदतीनं त्यांनी 1990 च्या सुमारास पाणी वापर संस्था काढल्या, मोजून पाणी घ्यायला आणि आपसांत वाटायला सुरुवात केली. पुढं 2005 मध्ये राज्यानं सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदाच केला. त्यात कालव्याचे शीर्ष, मध्य आणि पुच्छ असे तीन भाग धरले, तिघांना संचालक मंडळात सारख्या जागा दिल्या. अध्यक्षपद फिरतं ठेवलं, आणि पहिली पाळी दिली पुच्छभागाला.

ॲरिस्टॉटलनं नागरिकाची ओळख अशी सांगितली की तो आळीपाळीनं राज्य करतो आणि दुसऱ्याचं राज्य मानतो. हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. त्याचा अर्थ नीट उमगला तो चारीच्या बांधावर. उद्या आपल्याला खाली बसायचंय हे ठाऊक असलेला माणूस आज दरवाजा जरा जपून फिरवतो.

पण कायदा एक आणि गाव एक. आमच्या गावी अशा संस्थेची निवडणूक लागली, तेव्हा आम्हीही हौसेनं गेलो. एका ओसरीवर, एका संध्याकाळी, चहा होईपर्यंत यादी ठरली. बिनविरोध! सगळ्यांना आनंद. पुच्छभागाची जागा ज्यांना मिळाली, त्यांची दोन एकर खाली होती आणि बारा एकर वर. नियमात सगळं बसत होतं. शेवटच्या चारीवर एक बाई एकटीनं शेती करत होत्या. त्यांचं नाव सातबाऱ्यावर चढलेलं नव्हतं, म्हणून मतदार यादीतही नव्हतं. आणि आम्ही, लोकशाहीचे प्राध्यापक, चहा पिऊन उठलो. एक प्रश्न विचारला नाही. ते आजही खुपतं.

म्हणून बिनविरोध या शब्दाचं कौतुक ऐकलं की आम्ही थबकतो. भांडण टळलं की कोणाचा अर्जच टळला, हे पाहायला हवं. आणि खुर्ची रिकामी राहिली तर तिथं प्रशासक येतो. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि देशातल्या एवढ्या मोठ्या शहरानं तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकांशिवाय काढला. मोठ्या संस्थेचं निदान वर्तमानपत्रात येतं. लहान संस्थेची निवडणूक राहिली तर गावालाही पत्ता लागत नाही.

तेव्हा घरी गेल्यावर एवढंच करा. आपल्या भागात सोसायटी, बाजार समिती, पाणी वापर संस्था यांची मुदत कधी संपते ते विचारा. मतदार यादी मागून घ्या, आणि आपल्याआधी शेजारणीचं नाव त्यात आहे का ते बघा. नसेल तर सातबाऱ्यापासून सुरुवात करावी लागेल. आम्ही त्या बाईंच्या बाबतीत ते केलं, पण निवडणूक होऊन गेल्यावर. नाव चढलं आहे. पुढच्या वेळी त्या अर्ज भरणार आहेत, आणि सूचक म्हणून सही करायला आम्ही जाणार आहोत, नियमात बसलो तर. नाहीतर नुसते सोबतीला जाऊ.