कापसाच्या मुलखांतील गोधडी

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास येथील काळ्या शेतांत बोंडें फुटूं लागलीं म्हणजे कोसच्या कोस जमीन पांढरी दिसते. अशा मुलखांत कापडाला काय तोटा, असें परक्या माणसास सहज वाटावें. परंतु येथील एखाद्या जुन्या घरांतील गोधडी उसवून पाहिली, तर निराळीच गोष्ट ध्यानांत येते. वर एक विरलेलें लुगडें, खालीं दुसरें, आणि मध्यें धोतराचे तुकडे, फाटक्या बंड्या, मुलांचीं आंगडीं यांचे थरावर थर. शोधूनहि सांपडत नाहीं तो कापूस. कापूस भरतात तो गादींत किंवा रजईंत, आणि तें काम पिंजाऱ्याचें. गोधडी मात्र घरच्या बायका घरच्याच चिंध्यांची शिवीत. कापूस पिकविणाऱ्याच्या पांघरुणांत कापूस कां नसावा, या साध्या प्रश्नाच्या उत्तरांत या जिल्ह्याचा पावणेदोनशें वर्षांचा इतिहास सांठविलेला आहे.

१८५३ सालीं निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला. त्यापूर्वींहि येथील कापूस दूरदेशीं जात असे. बंजाऱ्यांचे तांडे तो बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापुरापर्यंत नेत. परंतु कापसाबरोबर कापडहि या प्रांतांतच होई. बायका सूत कांतीत, कोष्टी लुगडीं विणीत आणि महार विणकर जाडेंभरडें कापड काढीत. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव एकाएकीं चढला. त्याच धामधुमींत, १८६४ सालीं, यवतमाळ, दारव्हा, केळापूर व वणी हे तालुके मिळून निराळा जिल्हा झाला. तो पुढें वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊं लागला. १९०५ सालीं त्यास पुसद तालुका जोडण्यांत आला आणि यवतमाळ हें नांव मिळालें.

१८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली. वऱ्हाडांतील कापसाच्या व्यवहारावर देखरेख करणारे सरकारी अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनीं १८६९ च्या सुमारास आपली अपेक्षा उघडपणें लिहून ठेविली आहे. आगगाडीनें विलायती कापड येऊन देशी कापडापेक्षां स्वस्त विकूं लागलें, म्हणजे कांतणारे व विणणारे हात शेताकडे वळतील आणि कापूस अधिक निघेल, असा तिचा आशय होता. पुष्कळ अंशीं घडलेंहि तसेंच. चरखे माळ्यावर गेले आणि अनेक विणकर मजुरीला लागले. पुढें यवतमाळहून मूर्तिजापुरापर्यंत अरुंद लोहमार्ग टाकण्यांत आला. त्याचें मुख्य काम कापूस मुंबईच्या वाटेला लावण्याचें होतें.

आतां शेतकऱ्याच्या घरचा हिशेब पाहावा. सारा भरावयाचा तो रोख नाण्यांत, सावकाराचें देणेंहि नाण्यांत, आणि नाणें हातीं येई तें कापूस विकूनच. मग शेर दोन शेर कापूस पांघरुणांत घालावा कसा? शिवाय पूर्वीं गांवच्या मागावर होणारें कापड आतां बाजारांतून विकत आणावें लागे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं तर वऱ्हाडची कंबरच मोडली. नवें कापड सणावारीं किंवा लग्नकार्यांतच घरांत यावें, अशी पुष्कळांची स्थिति होती. अशा वेळीं जुनें कापड हीच गृहिणीची ठेव झाली.

या ठेवीचा विनियोग मोठ्या शहाणपणानें होत असे. लुगडें मध्यें विरलें म्हणजे विरलेला भाग कापून टाकीत आणि चांगलीं टोकें जोडून त्याला दांड घालीत. तेंहि फाटलें म्हणजे मऊ भागाचें तान्ह्या मुलाला दुपटें आणि कुंची होई. घट्ट भाग कापूस वेंचतांना कमरेला ओटी म्हणून बांधीत. उरल्या तुकड्यांतून घागरीखालची चुंबळ, पानसुपारीची चंची आणि मुलींची बाहुली निघे. बाकीचें सारें गोधडींत जाई. गोधडी विटली म्हणजे ती जमिनीवर अंथरावयाची, आणि अगदींच जीर्ण झाली म्हणजे तिचें पोतेरें करून घर सारवावयाचें.

गोधडी शिवण्याचा हंगाम उन्हाळ्याचा, कारण शेतांतील काम तेव्हां उरकलेलें असे. धुवून वाळविलेलें लुगडें अंगणांत पसरावयाचें, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे, वर तुकड्यांचे थर सारखे लावावयाचे आणि शेवटीं दुसरें लुगडें घालावयाचें. मग कांठापासून आंत आंत धावदोरा येई. टांके जवळजवळ हवेत, नाहीं तर नदीवर आपटून धुतांना आंतील तुकडे गोळा होतात. शेजारणी मदतीला बसत. आज एकीची गोधडी पुरी झाली कीं उद्यां दुसरीची धरावयाची. लेक सासरीं निघाली म्हणजे आईच्या लुगड्याची गोधडी तिच्याबरोबर जाई.

ज्या आगगाडीनें कापूस नेला, तिनेंच बंजाऱ्यांचा वाहतुकीचा धंदाहि नेला. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत त्यांचे तांडे स्थिरावले. त्यांच्या स्त्रियांनीं फेटिया, कांचळी आणि टुकरी या वस्त्रांवर रंगीत तुकडे, आरसे व कवड्या जडविण्याची कला मात्र सोडली नाहीं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज तर चिंध्यांचेंच वस्त्र पांघरून गांवोगांव झाडीत आणि कीर्तन करीत हिंडले; लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. ज्या चिंधीची दरिद्री माणसास लाज वाटे, तिलाच त्यांनीं मान मिळवून दिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कापडाची टंचाई पराकोटीस गेली आणि १९४३ सालीं सरकारला कापडावर नियंत्रण आणावें लागलें. कापूस पिकविणारा शेतकरीहि कापडासाठीं दुकानापुढें उभा राहिला. त्या वर्षांत जुन्या लुगड्याची किंमत घरांतील प्रत्येकाला नव्यानें कळली.

पुढें गिरणीच्या चादरी आणि ब्लँकेटें स्वस्त झालीं, सुती लुगड्यांच्या जागीं कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्या. हें कापड लवकर विरत नाहीं, पण तें घामहि टिपत नाहीं, आणि सुईखालीं निसटतें. आज शहरांत गोधडी शोभेची वस्तु म्हणून विकली जाते आणि कित्येकदां तिच्यासाठीं नव्या कापडाचेच तुकडे करितात. तिच्यामुळें कांहीं स्त्रियांच्या हातीं चार पैसे येतात, हें चांगलेंच आहे. पण जुनी गोधडी हौसेनें जन्मली नव्हती, हें विसरूं नये. किती गाठी कापूस बाहेर गेला, याची नोंद सरकारी दप्तरांत आहे. तो पिकविणाऱ्यांच्या घरीं काय उरलें, याची नोंद त्या घरच्या बायकांनीं सुईनें करून ठेविली आहे.