खुपऱ्या, मोरचूद आणि सल्फा

पापणीच्या आतल्या बाजूस बारीक पुटकुळ्या उठाव्यात, त्या जागी वण पडून पापणी आत वळावी, तिचे केस बुबुळावर घासत राहावेत आणि अखेरीस दृष्टी जावी, असा क्रम असलेल्या ‘खुपऱ्या’ या रोगावर १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत खात्रीचे औषध नव्हते. पापणी उलटवून तिच्यावर मोरचुदाचा खडा घासणे हा दूरवर रूढ असलेला उपचार महिनोन्‌महिने चाले आणि इतका झोंबे की पुष्कळ रुग्ण तो अर्ध्यावरच सोडत. अमेरिकेतील आदिवासींच्या राखीव प्रदेशांत तर १९२०च्या दशकात पापणीला ताठपणा देणारी आतली पट्टीच कापून काढण्याची शस्त्रक्रिया सरकारी आरोग्यसेवेने सर्रास केली. तिने अनेकांच्या पापण्या विद्रूप झाल्या आणि अखेर ती आवरती घ्यावी लागली. रोगापेक्षा उपायाचीच दहशत बसावी, असे हे प्रकरण होते.

जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ साली ‘प्रॉन्टोसिल’ या तांबड्या रंगद्रव्याचे जंतुनाशक गुण जाहीर केले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी त्यातील खरा गुणकारी अंश सल्फानिलामाइड हा असल्याचे दाखवून दिले. हेच औषध दक्षिण डकोटातील रोझबड या राखीव प्रदेशात डॉ. फ्रेड लो यांनी खुपऱ्यांच्या रुग्णांना पोटातून दिले, आणि १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनंतर मोरचूद व चाकू दोन्ही मागे पडू लागले.

औषध लागू पडते हे कळले, पण ते कसे लागू पडते याचा उलगडा १९४० साली डॉनल्ड वुड्स यांनी केला. जंतूंना वाढीसाठी लागणारे फॉलिक आम्ल ते स्वतः तयार करतात. त्यासाठी पाराअमिनोबेंझोइक आम्ल, म्हणजेच ‘पाबा’, हा कच्चा माल त्यांच्यातील एक विकर, अर्थात एन्झाइम, वापरते. सल्फाची, म्हणजे सल्फानिलामाइड व त्याच्या जातीच्या औषधांची, घडण पाबासारखीच असल्याने ते विकराची जागा अडवते आणि काम ठप्प होते. माणसाला फॉलिक आम्ल अन्नातून मिळते, त्याच्या शरीरात हे विकरच नाही, म्हणून त्याला या अडवणुकीची झळ लागत नाही. या उलगड्याचा उपयोग रुग्णाच्या खाटेपाशीही झाला: पुवात पाबा असल्याने पू साफ केल्याशिवाय डोळ्यात सल्फाचे थेंब घालून फारसा लाभ नाही, आणि प्रोकेनसारखी बधिर करणारी औषधे शरीरात मोडून पाबाच देत असल्याने ती सल्फाला मारक ठरतात, हे समजले. थेंबांसाठी मुख्यतः सल्फासेटामाइड निवडले गेले, कारण इतर सल्फांचे विरघळणारे क्षार डोळ्याला सोसवणार नाहीत इतके अल्कधर्मी असतात, तर याचे तीव्र द्रावणही जवळजवळ उदासीन राहते.

यातील सर्वांत बोलकी गोष्ट मात्र वेगळीच आहे. खुपऱ्यांचा कारक त्या काळी विषाणू मानला जाई, आणि विषाणूला स्वतःचे फॉलिक आम्ल बनवण्याची यंत्रणाच नसते. मग सल्फाने तो हटावा कसा, हा प्रश्न उपचाराच्या यशातच दडलेला होता. बीजिंगमध्ये तांग फेइफान यांनी कोंबडीच्या अंड्यात तो वाढवून १९५७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तरीही तो पेशीत शिरूनच वाढणारा जीवाणू आहे हे सर्वमान्य व्हायला १९६०चे दशक उजाडले. तोवर, प्रतिकारक जंतू आणि त्वचेवरील घातक प्रतिक्रिया यांमुळे, सल्फाची जागा टेट्रासायक्लिनच्या मलमाने घेतली होती.