कापूस यवतमाळचा, निरोप दूरच्या एजंटाला

कापूस पिकतो एकीकडे आणि त्याचा भाव ठरतो दुसरीकडे, ही यवतमाळ जिल्ह्याची दीडशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे. बोंडे फुटतात ती वणी, दारव्हा, पांढरकवड्याच्या काळ्या जमिनीत. भाव मात्र आधी मुंबई आणि लिव्हरपूलमध्ये ठरत आला, पुढे त्यात न्यूयॉर्कची भर पडली. त्यामुळे दूर बसलेल्या हस्तकाला थोडक्यात, ठरलेल्या भाषेत विचारायचे आणि त्याच्या उत्तरावर पैसे लावायचे, ही रीत या व्यापारात संगणकाच्या फार आधी रुजली. आज एखादा प्रोग्राम क्लाउडवरच्या एआय एजंटाकडे विनंती पाठवतो, तेव्हा या रीतीतले बरेच काही पुन्हा भेटते.

1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. आजच्या यवतमाळचा मुलूख 1864 मध्ये आग्नेय वऱ्हाड या नावाने वेगळा झाला, नंतर तो वणीच्या नावाने ओळखला गेला आणि 1905 मध्ये यवतमाळ हे नाव पडले. अमेरिकेतल्या यादवीत (1861-65) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडी कापसाला एकाएकी गिऱ्हाईक आले. मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोहोचली, पण यवतमाळला वगळून. माल बैलगाड्यांनी सुमारे 45 किलोमीटरवरच्या धामणगाव स्टेशनवर न्यावा लागे. मूर्तिजापूरकडे जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ फार नंतर, विसाव्या शतकात आली. रुळांच्या कडेने तारेचे खांब आले. 1870 मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने एडन-सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली आणि पत्राला जिथे आठवडे लागत, तिथे भाव काही तासांत कळू लागला.

तार महाग होती आणि पैसे शब्दावर मोजले जात. राली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स यांसारख्या वऱ्हाडात खरेदी करणाऱ्या पेढ्यांच्या दृष्टीने ‘अमुक प्रतीच्या इतक्या गठाणी, इतक्या भावाने, अमुक महिन्यात’ हे सगळे उघड शब्दांत लिहिणे परवडण्यासारखे नव्हते. त्यावर तोडगा म्हणजे संकेतकोश. 1873 च्या एबीसी कोशात आणि 1906 च्या बेंटलीच्या कोशात अख्ख्या वाक्याला एकच शब्द नेमून दिलेला असे. बेंटलीचे शब्द पाच-पाच अक्षरांचे होते. दोन जोडले की दहा अक्षरांचा एक शब्द होई आणि आकार एकाचाच पडे. मोठ्या पेढ्या स्वतःचे खासगी कोशही ठेवत. त्यात बचत होती आणि गुप्तताही. गुप्ततेची हौस बाजाराला तशी नवी नव्हती; रुमालाखाली बोटे दाबून भाव सांगण्याचा ‘हत्ता’ मंडईत चालतच होता. त्या व्यवहारात शेतकऱ्यालाच भाव कळत नसे. पुढे कारंज्याचा कापूस बाजार 1886 मध्ये नियमांखाली आला आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला.

कोशातला शब्द दोन्ही टोकांना एकाच अर्थाचा असेल, तरच निरोपाला किंमत. मापांचेही तसेच. मुंबईचा भाव खंडीवर, म्हणजे 784 पौंडांवर निघे. गठाण 392 पौंडांची, म्हणजे बरोबर अर्धी खंडी. खंडीचा भाव गठाणीचा समजला, तर रक्कम दुप्पट होई.

सांकेतिक तारेतली चूक किती महाग पडते, हे अमेरिकेतल्या एका खटल्याने जगाला दाखवले. फिलाडेल्फियाचे लोकर व्यापारी फ्रँक प्रिमरोझ यांनी 1887 मध्ये आपल्या एजंटाला तार केली. तिच्यातल्या ‘बे’ या सांकेतिक शब्दाचा अर्थ होता, ‘मी खरेदी केली आहे’. वाटेत मोर्समधल्या ‘ए’ अक्षराला एक टिंब जास्त लागले, त्याचे ‘यू’ झाले आणि एजंटाच्या हातात ‘बाय’, म्हणजे ‘खरेदी कर’, हा शब्द पडला. तो लोकर घेत सुटला. नुकसान 20 हजार डॉलरच्या वर गेले. तार उलट पाठवून पडताळण्याची सोय जादा पैशांत मिळत होती, प्रिमरोझ यांनी ती घेतली नव्हती. 1894 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तार कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

महाराष्ट्रात 1972 पासून एकाधिकार खरेदी योजना लागू झाली आणि भाव सरकार जाहीर करू लागले. तारेचे महत्त्वही हळूहळू ओसरले. देशातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. मधल्या काळात विचारणाऱ्याची जागा बदलली होती. 21 जानेवारी 2004 रोजी किसान कॉल सेंटर सुरू झाले आणि पेढीऐवजी थेट शेतकरी फोनवरून प्रश्न विचारू लागला. 21 सप्टेंबर 2023 रोजी पीएम-किसान योजनेसाठी ‘किसान ई-मित्र’ हा एआय चॅटबॉट आला. पाच महिन्यांनी, 28 फेब्रुवारी 2024 रोजी, याच योजनेचा सोळावा हप्ता यवतमाळच्या सभेतून वितरित झाला. आपला हप्ता का अडला, हे आता यंत्राला विचारता येते.

प्रोग्राममधून एजंटाला विचारायचे, तर विनंतीचा साचा आधी ठरलेला असतो. पत्ता, पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी गुप्त किल्ली, संभाषणाचा क्रमांक आणि मजकूर एवढे तिच्यात असते. मजकुरात पीक कापूस, बाजार यवतमाळ, तारीख अमुक असे रकाने भरलेले असतात. ही विनंती मुंबई किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये जाऊ शकते. तिथला एजंट गरजेप्रमाणे बाजारभावाच्या सरकारी नोंदी मागवतो आणि उत्तर परत पाठवतो. आकार इथेही मजकुराच्या तुकड्यांवर, म्हणजे टोकनवर असतो. देवनागरी मजकुराचे तुकडे बहुधा इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, त्यामुळे तोच प्रश्न मराठीत महाग पडू शकतो. हा भुर्दंड नव्या मॉडेलांत कमी होत चालला आहे.

उत्तर वेळेत आले नाही, तर प्रोग्राम विनंती पुन्हा पाठवतो. भाव दोनदा विचारल्याने काही बिघडत नाही, पण तक्रार दोनदा नोंदली जाऊ शकते. म्हणून अशा प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक देतात आणि तोच क्रमांक पुन्हा आला, तर एजंटाच्या बाजूची यंत्रणा नवी नोंद करत नाही. मापाचा रकाना मोकळा सोडायचा नाही, हा नियमही तितकाच जरुरीचा आहे. मंडईतला कापूस क्विंटलवर विकला जातो, रुईचा भाव आजही खंडीवर निघतो, फक्त खंडी आता पौंडांऐवजी किलोंत, 356 किलो अशी मोजतात.

भावातली चूक खिशाला लागते, फवारणीतली जिवाला. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. प्रतिलिटर आणि प्रतिएकर यांतली गफलत एजंटाच्या उत्तरात शिरली, तर वाक्य अस्खलितच राहते आणि ऐकणाऱ्याला शंका येत नाही. म्हणून औषधाची मात्रा मॉडेलच्या आठवणीवर सोडणे धोक्याचे आहे. ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतून किंवा औषधाच्या मंजूर लेबलवरून जशीच्या तशी उचलावी लागते, आणि तिथे नोंद सापडली नाही, तर मात्रा न सांगता प्रश्न कृषी अधिकाऱ्याकडे सोपवावा लागतो.