औषध तेच, गुण वेगळा : हिपॅटायटिस सी आणि 2009 सालचं कोडं

2008 साली आमच्या खंडाळ्याच्या घरातल्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी एक डबा असायचा. त्यात मामाची इंजेक्शनं. आठवड्याला एक, तेही शुक्रवारी रात्री, म्हणजे ताप आला तर शनिवार-रविवारी अंगावर काढता यायचा. 1994 साली जुन्या हायवेवर घाटात त्याला अपघात झाला होता आणि रक्त चढवावं लागलं होतं. रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची तपासणी तेव्हा सक्तीची नव्हती. चौदा वर्षांनी यकृताचे रिपोर्ट बिघडले तेव्हा रोग कळला. 24 आठवडे इंजेक्शनं, जोडीला रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. हिमोग्लोबिन घसरलं, केस गळले, मामा चिडचिडा झाला. एवढं सोसून सहा महिन्यांनी विषाणू पुन्हा हजर! लोणावळ्याच्या एका ओळखीच्या बाईंना मात्र तोच कोर्स लागू पडला. "प्रत्येकाची प्रकृती वेगळी," डॉक्टर म्हणाले.

मी तेव्हा आठवीत होते. आज लोणावळा-पुणे लोकलमध्ये बसून पेपर वाचते ते याच 'प्रकृती'वरचे. पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांसाठी त्याचा इतिहास लिहून काढतेय.

1975 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं की रक्त चढवल्यानंतर होणारी बरीचशी कावीळ ए विषाणूची नाही आणि बी विषाणूचीही नाही. नाव पडलं 'नॉन-ए, नॉन-बी'. म्हणजे काय नाही एवढंच माहीत! विषाणू सापडला 1989 मध्ये. पण गंमत म्हणजे उपचार त्याआधीच सुरू झाला होता. 1986 मध्ये हूफनेगल यांच्या गटाने इंटरफेरॉन देऊन पाहिलं, आणि काही रोग्यांच्या यकृताचे रिपोर्ट सुधारले. इंटरफेरॉन हे आपलंच शरीर विषाणूविरुद्ध तयार करतं, ते बाहेरून द्यायचं. पुढे रिबाव्हिरिनची जोड मिळाली, मग आठवड्याला एकदाच घ्यायचं पेगइंटरफेरॉन आलं. तरी जीनोटाइप 1च्या रोग्यांपैकी निम्म्यांच्या आसपासच बरे होत. आफ्रिकन वंशाच्या अमेरिकन रोग्यांत तर त्याहून बरेच कमी.

इथे थांबा, कारण मुलाखतीत हमखास गोंधळ होतो. जीनोटाइप 1, जीनोटाइप 3 हे विषाणूचे प्रकार. आता येणारे सीसी, सीटी, टीटी हे रोग्याचे. एकाच रिपोर्टवर दोन्ही असू शकतात. परीक्षकाने 'कुणाचा जीनोटाइप?' असं विचारलं की समोरचा गडबडतो. मीही गडबडले होते.

2009 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या डेव्हिड गोल्डस्टीन यांच्या गटाने एका मोठ्या औषधचाचणीतल्या अकराशेहून अधिक रोग्यांचा डीएनए तपासला. कुठल्याही एका जनुकावर आधी संशय न धरता संपूर्ण जीनोमवरच्या लाखो जागा पाहिल्या. फरक दिसला तो 19व्या गुणसूत्रावर, आयएल-28बी या जनुकाजवळच्या एका अक्षरात. युरोपीय वंशाच्या रोग्यांत सीसी असलेले सुमारे 80 टक्के बरे झाले, टीटी असलेले जेमतेम चौथाई. त्याच वर्षी जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनीही, आपापल्या रोग्यांवर काम करून, त्याच जागेवर बोट ठेवलं. पूर्व आशियात सी हे रूप भरपूर आढळतं, आफ्रिकेत सर्वांत कमी. वंशांमधल्या त्या जुन्या फरकाचा जवळपास अर्धा भाग या एका अक्षराने उलगडला. माझ्या मते खरी बातमी हा 'अर्धा' होता. उरलेल्या अर्ध्याबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

पुढच्याच वर्षी त्याच चाचणीच्या रोग्यांत आयटीपीए हे दुसरं जनुक सापडलं. त्याची काही रूपं रिबाव्हिरिनमुळे होणाऱ्या रक्तक्षयापासून वाचवतात. मामाची उतरलेली हिमोग्लोबिनची आकडेवारी मला या पेपरमुळे आठवली.

आता आपल्याकडे या. 2009च्या त्या अमेरिकन अभ्यासातले सगळे रोगी जीनोटाइप 1चे होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत कविता लोले, विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या विषाणूंचे प्रकार तपासून 2003 मध्ये छापले होते. उत्तर, पूर्व आणि पश्चिम भारतात जीनोटाइप 3चं प्राबल्य दिसलं, दक्षिणेत 1चं प्रमाण जास्त. मामाचाही 3च. जीनोटाइप 3मध्ये इंटरफेरॉनला मुळातच जास्त रोगी दाद देतात आणि आयएल-28बीचा प्रभाव फिका पडतो. म्हणजे 'सीसी असाल तर बरे व्हाल' हे वाक्य अमेरिकेतल्या रोग्याला जेवढं उपयोगी, तेवढं मावळातल्या रोग्याला नव्हतं. पेपर चुकीचा नव्हता, त्यातले रोगी वेगळे होते. कुठलाही जनुकीय अभ्यास वाचताना मी आता निष्कर्षाआधी नमुन्याचा तक्ता उघडते.

2013 मध्ये कोड्याला आणखी एक गाठ पडली. ल्युडमिला प्रोकुनिना-ओल्सन यांच्या गटाला शेजारीच एक नवं जनुक सापडलं, इंटरफेरॉन लॅम्डा-4. काहींमध्ये एका अक्षराच्या फरकाने ते मोडलेलं असतं, प्रथिन बनतच नाही. आणि ज्यांच्यात ते मोडलेलं तेच जास्त बरे होतात! विषाणूशी लढणारं प्रथिन नसलेलं बरं, हे कसं? एक समजूत अशी की लॅम्डा-4 बनवणाऱ्यांच्या यकृतात इंटरफेरॉनने चालू होणारी जनुकं आधीच चालू असतात, त्यामुळे बाहेरून दिलेल्या इंटरफेरॉनला करण्यासारखं फार उरत नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली. ते थेट विषाणूच्या एन्झाइमला अडवतं, रोग्याच्या इंटरफेरॉनवर विसंबत नाही. जनुकाची चाचणी बघता बघता बाजूला पडली. तिकडे एका गोळीची किंमत 1,000 डॉलर. भारतात 2014 मध्ये कंपन्यांना परवाने मिळाले, 2015 मध्ये जेनेरिक गोळ्या आल्या, आणि 28 गोळ्यांची बाटली वीस हजार रुपयांच्या आत मिळू लागली. 2018 पासून तर सरकारी कार्यक्रमातून हे उपचार मोफत आहेत.

मामाने 2016 मध्ये सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर घेतलं, 12 आठवडे. इंजेक्शन नाही, ताप नाही. विषाणू गेला. त्याचा आयएल-28बी कुणी तपासला नाही, तपासायची गरजही राहिली नव्हती. मागच्या दिवाळीत त्याने विचारलं, "मग तेव्हा माझी प्रकृती आडवी आली, की औषधच तसलं होतं?" म्हटलं, मामा, एकदा रक्त दे, निदान तुझं अक्षर तरी कळेल. "सुई बघितली की अजून शुक्रवार आठवतो," म्हणाला, आणि चहा ठेवायला उठला.