ली जे. कॉब : सेल्समन, साक्षीदार आणि न्यायाधीश

१० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरमध्ये आर्थर मिलर यांच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन' या नाटकाचा ब्रॉडवेवरील पहिला प्रयोग झाला. आयुष्यभर फिरतीची नोकरी करून थकलेल्या, ६३ वर्षांच्या विली लोमनची भूमिका त्यात ज्या नटाने केली, त्याचे वय होते अवघे ३७. ली जे. कॉब हे त्या नटाचे नाव. मिलर यांच्या मनातला लोमन चणीने लहान होता. कॉब मात्र धिप्पाड, रुंद खांद्यांचे आणि घोगऱ्या भारदस्त आवाजाचे. शेवटी लेखकानेच माघार घेतली. संवादात कुणीतरी लोमनला कोळंबी म्हणून हिणवतो असा उल्लेख होता, तो बदलून त्या जागी 'वॉलरस' हा शब्द घालण्यात आला.

इलिया कझान यांनी दिग्दर्शित केलेले ते नाटक ७४२ प्रयोग चालले. लोमनच्या ओझ्याने थकलेले कॉब मात्र पहिल्याच वर्षी त्यातून बाहेर पडले. विसाव्या शतकातील अमेरिकन रंगभूमीच्या श्रेष्ठ भूमिकांत आजही तिची गणना होते.

कॉब यांचा जन्म ८ डिसेंबर १९११ रोजी न्यूयॉर्कमधील एका ज्यू कुटुंबात झाला. लहानपणी त्यांना व्हायोलिनवादक व्हायचे होते. मनगट मोडल्याने ते स्वप्न सुटले. १९३५ मध्ये ते 'ग्रुप थिएटर'मध्ये दाखल झाले. मंदीच्या काळात उभी राहिलेली ही नाटकमंडळी अभिनयाकडे व्रत म्हणून पाहणारी आणि विचारांनी डावीकडे झुकलेली होती. क्लिफर्ड ओडेट्स यांची नाटके तिनेच रंगमंचावर आणली. त्यांच्याच 'गोल्डन बॉय' या नाटकावरील १९३९ च्या चित्रपटात कॉब यांनी नायकाच्या वृद्ध बापाची भूमिका केली. व्हायोलिन सोडून मुष्टियुद्धाकडे वळलेल्या मुलामुळे व्यथित झालेला हा बाप. मुलाचे काम करणारे विल्यम होल्डन २१ वर्षांचे होते आणि बाप २७ वर्षांचा!

ही गंमत पुढे जन्मभर चालू राहिली. 'मॅन ऑफ द वेस्ट' (१९५८) मध्ये ते गॅरी कूपर यांचे काका झाले. प्रत्यक्षात कूपर त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. 'कम ब्लो युअर हॉर्न' (१९६३) मध्ये ते ज्यांचे वडील झाले ते फ्रँक सिनात्रा त्यांच्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान. लवकर विरळ झालेले केस आणि जड शरीर यांमुळे नायकाच्या भूमिका त्यांच्या वाट्याला येणे अवघडच होते. त्यांनीही त्याचा सोस धरला नाही. चाळिशीच्या दशकात 'द साँग ऑफ बर्नाडेट', 'बूमरँग', 'कॉल नॉर्थसाइड ७७७', 'थीव्ह्ज हायवे' अशा चित्रपटांतून डॉक्टर, पोलिस अधिकारी, संपादक, बाजारातील लबाड दलाल असे नाना प्रकारचे पुरुष त्यांनी उभे केले.

१९५१ मध्ये 'डेथ ऑफ अ सेल्समन'वर चित्रपट निघाला, तेव्हा लोमनची भूमिका फ्रेडरिक मार्च यांच्याकडे गेली. मार्च हे पडद्यावरचे अधिक मोठे नाव, हे खरेच. परंतु त्या सुमारास कॉब यांच्याकडे संशयाने पाहिले जात होते, हेही खरे. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने हॉलिवूडमधील आजी-माजी कम्युनिस्टांचा शोध चालविला होता. जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगणाऱ्यास सुटका आणि न सांगणाऱ्यास बेकारी, असा तो सरळ व्यवहार होता. कॉब यांनी सुमारे दोन वर्षे दाद दिली नाही. या काळात काम आटले, पैसा संपला, पत्नी आजारी पडली, संसार मोडला. अखेर २ जून १९५३ रोजी त्यांनी समितीपुढे साक्ष दिली आणि वीस जणांची नावे सांगितली.

या साक्षीचे समर्थन त्यांनी तत्त्वाच्या आधारे कधी केले नाही. 'नेमिंग नेम्स' या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे लेखक व्हिक्टर नवास्की यांच्याशी बोलताना त्यांनी कारणे सांगितली ती साधी होती : जवळ पैसे नव्हते, कर्ज कुणी देत नव्हते, मुलांचा खर्च होता आणि पुन्हा काम करायचे होते. कझान यांनीही नावे सांगितली होती, पण त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आपल्या कृत्याचे जाहीर समर्थन केले. त्याच्या तुलनेत कॉब यांची कबुली अधिक प्रामाणिक वाटते. मात्र ज्या वीस जणांची नावे घेतली गेली, त्यांना या प्रामाणिकपणाचा काही उपयोग नव्हता.

काम परत मिळाले. १९५४ मध्ये आलेल्या 'ऑन द वॉटरफ्रंट'चे दिग्दर्शक होते कझान आणि लेखक बड शुलबर्ग. दोघांनीही समितीपुढे नावे दिलेली. गोदी कामगारांच्या संघटनेवर कब्जा केलेल्या गुंडांविरुद्ध एक तरुण साक्ष देतो, अशी ही कथा. साक्ष देणे हेच धैर्य, असे सुचविणारा हा चित्रपट त्यांचे आत्मसमर्थन म्हणूनही पाहिला गेला. मार्लन ब्रँडो यांच्या या नायकासमोर जॉनी फ्रेंडली हा गुंडांचा म्होरक्या रंगविला कॉब यांनी. खुद्द साक्ष देऊन आलेला नट 'खबऱ्या'वर आग पाखडतो आहे, हे दृश्य त्यामुळे वेगळ्याच अर्थाने अंगावर येते. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. त्याच चित्रपटातील कार्ल माल्डन आणि रॉड स्टायगर यांनाही ते मिळाले होते. पारितोषिक मात्र तिघांपैकी कुणालाच लाभले नाही.

१९५५ मध्ये हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने कॉब अंथरुणाला खिळले. त्या वेळी सिनात्रा धावून आले. दोघांची दाट मैत्री नव्हती. काही वर्षांपूर्वी एका चित्रपटात एकत्र काम केले होते इतकेच. तरीही सिनात्रा यांनी रुग्णालयाचा खर्च उचलला आणि पुढे त्यांना स्वतःच्या घरी नेऊन ठेवले.

त्यातून उठल्यावर कॉब यांनी सिडनी ल्युमेट यांच्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) मध्ये काम केले. मूळ कथानक रेजिनाल्ड रोज यांनी १९५४ मध्ये दूरचित्रवाणीसाठी लिहिलेले. बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या मुलाचा निवाडा करण्यासाठी १२ ज्युरी एका खोलीत बसले आहेत. त्यांतला तिसरा ज्युरी शेवटपर्यंत 'दोषी' या शब्दाला चिकटून राहतो. त्याचा राग खरे तर आरोपीवर नसतो, तो घर सोडून गेलेल्या स्वतःच्या मुलावर असतो. खिशातला मुलाचा फोटो हाती येतो, तो फाडला जातो आणि हा पहाडासारखा माणूस कोसळतो. हेन्री फोंडा यांचा संयम प्रेक्षक वाखाणतात, पण चित्रपट तोलून धरतो तो कॉब यांचा संताप. याच कथेवर बासू चटर्जी यांनी १९८६ मध्ये 'एक रुका हुआ फैसला' काढला. त्यातला पंकज कपूर यांचा ज्युरी आठवणाऱ्यांना मूळ भूमिकेची ताकद निराळी सांगायला नको.

'द ब्रदर्स कॅरामझॉव्ह' (१९५८) मधील उन्मत्त बापाने त्यांना दुसरे ऑस्कर नामांकन मिळवून दिले. त्यानंतर १९६२ मध्ये एनबीसी वाहिनीवर 'द व्हर्जिनियन' ही दीड तासाच्या भागांची रंगीत मालिका सुरू झाली. वायोमिंगमधील पशुपालक न्यायाधीश गार्थ म्हणून कॉब दर आठवड्याला घरोघरी पोहोचले. या मालिकेविषयी त्यांचे मत चांगले नव्हते आणि ते त्यांनी लपवलेही नाही. १९६६ मध्ये ते तिच्यातून बाहेर पडले.

परंतु ज्या माध्यमाला ते कमी लेखत, त्यानेच त्यांचे देणे चुकते केले. ८ मे १९६६ रोजी सीबीएस वाहिनीने 'डेथ ऑफ अ सेल्समन' सादर केले. लोमन होते कॉब आणि पत्नी लिंडा होत्या ब्रॉडवेवरच्याच मिल्ड्रेड डनॉक. दरम्यान १७ वर्षे लोटली होती. पूर्वी ओढून आणावा लागणारा थकवा आता चेहऱ्यावर आपसूक होता. चित्रपटाने हिरावलेली भूमिका ध्वनिचित्रमुद्रणात जपली गेली. मूळ लोमन कसा होता हे पाहण्याचे तेच एक साधन आज उपलब्ध आहे.

१९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये त्यांनी 'किंग लिअर' केला. नंतरच्या पिढीने त्यांना ओळखले ते 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) मधील चित्रपटवेड्या पोलिस अधिकाऱ्यामुळे. भुताटकीच्या त्या गदारोळात हा किंडरमन शांतपणे चौकशी करत फिरतो आणि साक्षीदारांना सिनेमाला येण्याचे निमंत्रण देतो. शेवटच्या वर्षांत कॉब यांनी इटलीतील काही गुन्हेगारीपटही केले. ११ फेब्रुवारी १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील वुडलँड हिल्स येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय होते ६४. विली लोमनपेक्षा एका वर्षाने अधिक.