परवाना पडताळणी त्रुटी (अँड्रॉइड)

अँड्रॉइड प्रणालीवरील सशुल्क ॲपला आपली खरेदी झाली आहे याची खातरजमा करता न आल्यास जो संदेश दिसतो, त्यास परवाना पडताळणी त्रुटी असे म्हणतात. रूट केलेल्या, म्हणजे प्रणालीचे सर्वोच्च अधिकार वापरकर्त्याने स्वतःकडे घेतलेल्या, उपकरणांवर ती उद्भवण्याची शक्यता अधिक असते. त्रुटी दिसली म्हणजे खरेदी रद्द झाली, असा तिचा अर्थ होत नाही.

कार्यपद्धती

गूगलने ही परवाना सेवा २०१० साली अँड्रॉइड मार्केटसाठी (आताचे प्ले स्टोअर) सुरू केली. ॲप उपकरणातील प्ले स्टोअरकडे विचारणा करते व प्ले स्टोअर ती गूगलच्या सर्व्हरकडे पाठवते. सर्व्हर खरेदीची नोंद पाहून उत्तरावर डिजिटल स्वाक्षरी करतो आणि ॲप ती स्वाक्षरी तपासते. काही ॲप्स हे उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत साठवून ठेवतात. काही दर वेळी नव्याने विचारणा करतात.

‘सेफ्टीनेट’ची जागा घेणारी ‘प्ले इंटिग्रिटी’ ही सेवा परवान्यासोबत उपकरणाची विश्वासार्हताही पाहते. परवान्याबाबत तिची उत्तरे तीन आहेत: ‘परवाना आहे’, ‘परवाना नाही’ आणि ‘मूल्यमापन झाले नाही’. उपकरण पुरेसे विश्वासार्ह नसल्यास तिसरे उत्तर मिळते. ॲपने शेवटच्या दोन्ही उत्तरांसाठी एकच संदेश ठेवला असेल, तर पैसे भरलेल्या ग्राहकालाही आपली खरेदी नाकारली गेल्याचा समज होतो.

प्रमुख कारणे

* बूटलोडर खुला असणे किंवा प्रणालीत बदल केलेला असणे
* जाहिराती रोखण्यासाठी होस्ट्स फाइलमध्ये केलेल्या बदलांमुळे सर्व्हरशी संपर्क तुटणे
* खरेदी केलेले गूगल खाते उपकरणावर नसणे
* ॲप प्ले स्टोअरऐवजी अन्य ठिकाणाहून घेतलेले असणे
* उपकरणातील दिनांक व वेळ चुकीची असणे

निवारण

प्रथम खाते, दिनांक, वेळ व इंटरनेट जोडणी तपासावी. होस्ट्स फाइल मूळ स्वरूपात आणावी, प्ले स्टोअरची कॅशे पुसावी आणि ॲप त्याच खात्यातून पुन्हा स्थापित करावे. उपकरण प्रमाणित आहे की नाही, हे प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमधील माहिती विभागात दिसते. ते प्रमाणित नसल्यास निर्मात्याची मूळ प्रणाली पुन्हा बसवणे हा खात्रीचा उपाय होय. त्यापूर्वी विदा सुरक्षित जागी उतरवून घ्यावी, कारण बूटलोडर पुन्हा बंद करताना ती सहसा पुसली जाते. बदललेली प्रणाली तशीच ठेवून बूटलोडर बंद केल्यास उपकरण सुरूच न होण्याचा धोका असतो. हे शक्य नसल्यास खरेदीच्या पावतीसह ॲपच्या विकसकाशी संपर्क साधावा.

पडताळणी काढून टाकलेल्या प्रती

अशा प्रतींवर मूळ विकसकाची स्वाक्षरी राहत नाही. त्यामुळे त्यांवर अधिकृत अद्यतने बसत नाहीत आणि त्यांत घातक संहिता दडवलेली असू शकते. भारतात प्रताधिकारभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणे हा प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६५अ नुसार गुन्हा आहे.