मुक्त परवाना आणि कल्पित प्राण्यांचे स्वामित्व

पटाभोवती बसून भूमिका वठविण्याच्या खेळांचा इतिहास हा काही अंशी स्वामित्वहक्काच्या मर्यादांचा इतिहास होय. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातील प्राणी नाना ठिकाणांहून गोळा केलेले होते. ग्रीक पुराणांतून मेड्युसा आली, टोल्किनच्या कादंबऱ्यांतून हॉबिट व एंट आले. पुढे भारतीय महाकाव्यांतील राक्षसही आला. टोल्किनच्या साहित्याचे हक्क बाळगणाऱ्यांनी हरकत घेतल्यावर हॉबिटचा ‘हाफलिंग’ व एंटचा ‘ट्रीअंट’ झाला. नावे पालटली; प्राणी बव्हंशी तेच राहिले.

असे होऊ शकले याचे कारण कायद्यात आहे. ग्रंथावरील हक्क त्यात वर्णिलेल्या पद्धतीवर पोहोचत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये बेकर विरुद्ध सेल्डन या जमाखर्चाच्या पुस्तकासंबंधीच्या खटल्यात दिला. संरक्षण अभिव्यक्तीला असते, कल्पनेला नव्हे. सबब राक्षस हे नाव व ती कल्पना कोणाच्याही मालकीची नाही. परंतु १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधील वाघाच्या मुखाच्या राक्षसाचे विशिष्ट चित्र आणि त्याच्या वर्णनाचे शब्द यांवर मात्र हक्क चालतो.

२००० मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने ‘ओपन गेम लायसन्स’ जाहीर केले. नियमांचा व अनेक प्राण्यांचा मजकूर इतरांस खुला झाला. मात्र बिहोल्डर, माइंड फ्लेअर, डिस्प्लेसर बीस्ट इत्यादी प्राणी राखून ठेवण्यात आले. गंमत अशी की, यांपैकी डिस्प्लेसर बीस्ट हा व्हॅन व्होग्टच्या १९३९ मधील एका कथेतील प्राण्यावरून घेतलेला होता. नुसत्या नावास स्वामित्वहक्क सहसा मिळत नाही. परंतु परवाना स्वीकारणारा ती नावे न वापरण्याचे करारानेच मान्य करीत असे. अर्थात् कायद्याने जे मोकळे होते, त्यातील काही भाग तो करारापायी गमावीत होता.

जानेवारी २०२३ मध्ये जुना परवाना निष्प्रभ करू पाहणारा नवा मसुदा उघड झाला आणि प्रकाशक व खेळाडू यांत तीव्र असंतोष उसळला. अखेर २७ जानेवारी रोजी कंपनीने सुमारे ४०० पानांची नियमसंहिता क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुली केली. हा परवाना मागे घेता येत नाही. श्रेयनिर्देश मात्र आवश्यक असतो. तथापि व्यापारचिन्हांचा अधिकार त्याने मिळत नाही, आणि परवानगी त्या संहितेतील मजकुरापुरतीच राहते. बिहोल्डरचा त्यात ओझरता नामोल्लेख आहे. त्याचे मूळ वर्णन व चित्र नाही, म्हणून ती खुली झाली असे मानता येत नाही.

तात्पर्य, मुक्त परवाना हा स्वामित्वाचा त्याग नसून त्याच्या वापराची एक रीत आहे. पुराणांतून आलेला प्राणी त्या परवान्यापूर्वीही सर्वांचाच होता. अभ्यासकाने म्हणूनच प्रत्येक प्राण्याबाबत दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत : कायद्याने मुळात राखलेले काय, आणि कराराने वाचकाकडून सोडवून घेतलेले काय. हा भेद विसरल्यास सार्वजनिक वारसा हा एखाद्या कंपनीचे औदार्य भासू लागतो.